जनता, लोक, रयत, प्रजा की नागरिक? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गल्लीत पाण्याचा, कचऱ्याचा, खड्ड्याचा कुठलाही अर्ज असला की तो लिहायला माझ्याकडे येतो, आणि दरवेळी पहिल्याच ओळीवर गाडी अडते, ती म्हणजे आपण स्वतःला म्हणायचं काय. रहिवासी लिहू, नागरिक लिहू, की नुसतं आम्ही लोक? त्यावरून जे प्रश्न मला परत परत विचारले गेले ते इथे एकत्र केलेत. काही उत्तरं लांबली आहेत कारण विषयच तसा आहे.

सगळ्या माणसांना मिळून मराठीत एक शब्द आहे का?

एक नाहीये, पाच-सहा आहेत आणि प्रत्येकाचं वजन वेगळं. लोक, जनता, प्रजा, रयत, नागरिक, आणि बोलताना पब्लिक, मंडळी, नुसतं गाव सुद्धा. "अख्खं गाव लोटलं" म्हटलं की त्यात घरं-झाडं येत नाहीत, माणसंच येतात. "गाव करील ते राव काय करील" या म्हणीत तर गाव म्हणजे सरळसरळ सगळे मिळून, आणि समोर एकटा राव. पुस्तकात नागरिकवर्ग, नागरजन असले शब्द सापडतात पण तसं कोणी बोलत नाही.

मग फरक काय? सगळ्यांचा अर्थ एकच ना?

नाही, आणि फरक कळायला एक सोपी परीक्षा आहे, शब्दाच्या आधी आकडा लावून बघा. "चाळीस नागरिक" म्हणता येतं. "चाळीस लोक" पण म्हणता येतं. "चाळीस जनता" म्हणून बघा, जीभच अडखळते. चाळीस प्रजा, चाळीस रयत, काहीच जमत नाही. म्हणजे जनता, प्रजा, रयत हे ढिगाचे शब्द आहेत, त्यातला एकेक माणूस वेगळा काढता येत नाही. लोक मोजता येतात पण दोनापासून पुढे, "एक लोक" असं नसतं, तिथे आपण माणूस म्हणतो. फक्त नागरिक हा असा शब्द आहे की तो एकापासून सुरू होतो, एक नागरिक, दोन नागरिक, आणि लाख झाले तरी प्रत्येक जण आपापल्या नावासकट त्यात उभा असतो.

हे नुसतं व्याकरण नाहीये हो. अर्जाखाली सही नागरिक करतो, जनतेला सही करता येत नाही. माझं सगळं म्हणणं एवढ्यात आलं, खाली जे आहे ते त्याचाच विस्तार.

जनता आली, की जनता आले? लिंग-वचन कसं चालवायचं?

जनता स्त्रीलिंगी एकवचनी: जनता आली, जनतेने ठरवलं, जनतेला कळतं. रयत आणि प्रजा तशाच. लोक पुल्लिंगी अनेकवचनी: लोक आले, लोकांनी. नागरिक एकवचनात आणि अनेकवचनात सारखाच दिसतो, नागरिक आला, नागरिक आले, आणि बाईसाठी पण हाच शब्द, "ती भारताची नागरिक आहे", नागरिका वगैरे करायची गरज नाही. पब्लिकचं मात्र ठरलेलं नाही, आमच्याकडे "पब्लिक जमलं" म्हणतात, काहीजण "पब्लिक भडकली" म्हणतात, दोन्ही कानाला चालतं.

नागरिक की नागरीक?

नागरिक, रि ऱ्हस्व. पण नागरी दीर्घ (नागरी सुविधा, नागरी बँक) आणि नागरीकरण पण दीर्घ, त्यामुळे गोंधळ होतो. नागरिकत्व म्हणजे देशाचा नागरिक असणं आणि नागरीकरण म्हणजे खेड्याचं शहर होणं. बोर्ड रंगवणारे आणि फ्लेक्सवाले हमखास "नागरीकांनी नोंद घ्यावी" छापतात. चूक मोठी नाही पण एकदा लक्षात आली की दर चौकात दिसते.

नागरिक शब्द आला कुठून? हा इंग्रजांच्या काळातला आहे का?

शब्द जुना, अर्थ नवा. नगर, त्यावरून नागर, त्यावरून नागरिक, म्हणजे मुळात शहरात राहणारा, शहरी रीतीभातीचा माणूस. गंमत म्हणजे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नागरिक हा चक्क अधिकारी आहे, शहराचा कारभार बघणारा, त्याच्या कामावर वेगळं प्रकरणच आहे. म्हणजे ज्याच्याकडे तक्रार घेऊन जायचं तो नागरिक! आता शब्द काउंटरच्या अलीकडे आलाय.

देशाचा हक्कदार सभासद हा अर्थ अलीकडचा, आणि त्यात खेड्यातला माणूस पण आला. मेळघाटातल्या पाड्यावरची बाई आणि दादरमधला माणूस दोघंही सारखेच नागरिक, नगराशी काही संबंध राहिला नाही.

याचा एक भाऊ आहे, पौर. पुर म्हणजे शहर, पुरात राहणारा तो पौर. हा शब्द मराठीत एकटा मेला पण महापौर मधे जिवंत आहे. सावरकरांनी जे शब्द रूढ केले त्यातला हा. महापौरांना शहराचे प्रथम नागरिक म्हणतात ना, तर शब्दातच ते आहे, पौरांमधला मोठा पौर. राजा नाही, त्यांच्यातलाच एक.

आणि जनता?

जन अधिक ता. नेहमी हा ता गुण दाखवतो, सुंदरता, नम्रता, पण पाणिनीने एका सूत्रात सांगितलंय की ग्राम, जन, बंधु या शब्दांना ता लागला की अर्थ होतो समूह. म्हणजे जनता म्हणजे जनांचा समूह, आणि बंधुता म्हणजे मुळात भावांचा समूह. आज आपण बंधुता भावना म्हणून वापरतो, संविधानाच्या उद्देशिकेत पण त्याच अर्थाने आहे, पण दोन्ही शब्द एकाच साच्यातून निघालेत हे कळल्यावर मला फार बरं वाटलं होतं. आणि रोज आपण "किती जण आले" म्हणतो ना, तो जण पण त्याच जन चा.

प्रजा शब्द वापरावा का? तो राजेशाहीतला वाटतो.

आहेच तो राजेशाहीतला. संस्कृतात प्रजा म्हणजे आधी अपत्य, पोरंबाळं, आणि मग राजाच्या राज्यातली माणसं. राजा बाप, बाकी सगळे लेकरं, ही कल्पना त्या एका शब्दात बसलेली आहे. कौटिल्य म्हणतो प्रजेच्या सुखात राजाचं सुख. बापाने चांगलं वागावं अशी अपेक्षा आहे त्यात, पण बाप बदलायची सोय नाही.

तरी मराठीत २६ जानेवारीला आपण प्रजासत्ताक दिन म्हणतो, हिंदीत गणतंत्र दिवस. मराठी उद्देशिकेत लोकशाही गणराज्य असं आहे, प्रजासत्ताक नाही. पण लोकांनी प्रजासत्ताक उचलला आणि मला तो आवडतो, कारण त्यात जुना शब्द उलटा केलाय, ज्या प्रजेवर सत्ता चालायची तिचीच सत्ता. एवढं सोडून दुसरीकडे, म्हणजे आजच्या माणसांना उद्देशून, प्रजा म्हणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मंत्र्यांनी तर मुळीच नाही.

रयत पण तसाच ना? मग "रयतेचं राज्य" एवढ्या अभिमानाने का म्हणतो?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि तो विचारावाच. रयत अरबीतून फारसीमार्गे आला. मूळ अर्थ राखलेला कळप, राखणारा मेंढपाळ. म्हणजे व्युत्पत्ती बघायला गेलं तर प्रजेपेक्षा पण खालचा. पण मराठी मातीत आल्यावर या शब्दाचं काहीतरी वेगळंच झालं. इथे रयत म्हणजे कसणारा कुणबी, ज्याच्या घामावर राज्य चालतं तो.

शिवाजी महाराजांची पत्रं वाचली की हे दिसतं. १६७६ मधे त्यांनी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला पत्र लिहिलं, त्यात इमानाने काम कर, भाजीच्या देठाला सुद्धा मन दाखवू नकोस असा अर्थ आहे. भाजीच्या देठाचं वाक्य आपण सगळे ऐकत आलोय, पण ते कुणाला उद्देशून होतं हे बघा. ते रयतेला केलेलं भाषण नाहीये, ते अधिकाऱ्याला दिलेला हुकूम आहे. रयत म्हणजे ज्यांच्यासाठी अधिकाऱ्याने हात आवरायचा ते. चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला लिहिलेल्या पत्रात पण तेच, तुम्ही दाणा-वैरण बेपर्वा उधळलीत आणि मग कुणब्यांकडून ओरबाडायला लागलात तर त्यांना वाटेल याच्यापेक्षा मोगल बरे.

मग इंग्रजांनी मुंबई इलाख्यात रयतवारी आणली, सारा थेट कसणाऱ्याच्या नावावर, तेव्हा रयत हा महसुलाच्या दप्तरातला शब्द झाला. आणि १९१९ ला कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडजवळ काले गावात जी संस्था काढली तिचं नाव ठेवलं रयत शिक्षण संस्था. याच्यात शब्दाचं सोनं झालं असं मी म्हणेन. वसतिगृहातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने काढून दिले, मंगळसूत्र सुद्धा. आज साताऱ्याकडे कुणी "मी रयतचा" म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात कळप वगैरे काही नसतं, त्याला म्हणायचं असतं मला तिथे शिकायला मिळालं.

म्हणून माझं उत्तर असं की इतिहासाबद्दल, शेतीबद्दल, या संस्थेबद्दल बोलताना रयत जरूर म्हणा. आजच्या सरकारकडे हक्क मागताना नको. तिथे आपण राखलेले नाही आहोत.

"आम्ही, भारताचे लोक" यात नागरिक का नाही म्हटलं?

म्हटलंय, दोन्ही आहेत, नीट वाचा. सुरुवात "आम्ही, भारताचे लोक" अशी आहे आणि पुढे न्याय, स्वातंत्र्य, समानता कुणाला द्यायची तर "त्याच्या सर्व नागरिकांस". ठरवणारे लोक, मिळणार ते नागरिकांना. सगळे मिळून ठरवतात तेव्हा लोक, आणि हक्क वाटून हातात येतो तेव्हा एकेका नागरिकाच्या हातात येतो. शेवटी "स्वतःप्रत अर्पण करत आहोत" आहे, म्हणजे देणारे आणि घेणारे तेच. तारीख २६ नोव्हेंबर १९४९.

एका मुलीने मला विचारलं होतं की मराठीत आम्ही आणि आपण वेगळे असतात, आपण मधे ऐकणारा पण येतो, मग "आपण, भारताचे लोक" का नाही? फार सुंदर प्रश्न आहे. मला असं वाटतं की ते बोलणं नाहीये, ते लिहून देणं आहे. आपल्याकडे खरेदीखत असो, कबुलायत असो, गल्लीचा अर्ज असो, "आम्ही खाली सह्या करणार" असंच सुरू होतं. लिहून देणारा आम्ही म्हणतो. ती ओळ वाचताना मला कायम खाली सह्यांची जागा दिसते.

संविधानात सगळे हक्क नागरिकांनाच आहेत का?

नाही. कलम १४, कायद्यापुढे समानता, हे कोणत्याही व्यक्तीला आहे. कलम २१, जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य, ते पण व्यक्तीला. म्हणजे परदेशी पर्यटकाला पण पोलीस वाटेल तसं वागवू शकत नाहीत. पण भाषण, सभा, संघटना, देशात कुठेही राहायचं-फिरायचं हे कलम १९ फक्त नागरिकांना. सरकारी नोकरीतली समान संधी, कलम १६, तीही नागरिकांना. आणि कलम ५१क मधली मूलभूत कर्तव्यं नागरिकांची, १९७६ ला दहा आली, २००२ ला पोरांना शिक्षण देण्याचं अकरावं.

लहान मूल नागरिक असतं का?

असतं. मतदार अठराव्या वर्षी, नागरिक त्याच्या आधीपासूनच. शाळेतल्या पोरांना "तुम्ही उद्याचे नागरिक" म्हणतात ते मनापासून म्हणतात पण चुकीचं आहे, ती आजचीच नागरिक आहेत.

रहिवासी आणि नागरिक यात गोंधळ होतो. आधार असलं की नागरिकत्व सिद्ध होतं ना?

नाही होत. आधार रहिवाशांसाठी आहे, आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेला माणूस आधार काढू शकतो, आणि कायद्यातच लिहिलंय की तो नागरिकत्वाचा पुरावा नाही. रहिवासी म्हणजे राहतो तो. नागरिक म्हणजे देशाशी ज्याचं कायदेशीर नातं आहे तो, १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने. आपल्याकडे तहसीलदाराचा जो दाखला लागतो त्याचं नाव "वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास" असं आहे, तीन वेगळ्या गोष्टी एका कागदावर. लोक त्याला नुसतं डोमिसाईल म्हणतात.

सोसायटीच्या लिफ्टबद्दल लिहायचं तर रहिवासी बरोबर. रस्ता, पाणी, माहितीचा अधिकार, तिथे नागरिक.

माहिती अधिकाराचा अर्ज सोसायटीच्या नावाने का चालत नाही?

यात आमचे हात पोळलेत म्हणून सविस्तर सांगतो. आमच्या रस्त्याचं काम अर्धवट सोडलं होतं, तर आम्ही कामाचा आदेश आणि मोजमाप मागायचं ठरवलं. मोठ्या उत्साहाने सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज केला, खाली अध्यक्ष, सचिव यांच्या सह्या, गोल शिक्का. मला वाटलं होतं शिक्का बघून वजन पडेल. अर्ज परत आला. कारण काय, तर माहिती नागरिकाला देता येते, संस्थेला नाही. २००५ च्या कायद्यात कलम ३ मधे सरळ शब्द आहेत, सर्व नागरिकांना माहितीचा अधिकार असेल. संस्था नागरिक नसते. कंपनी नागरिक नसते हे तर सुप्रीम कोर्टाने १९६३ लाच सांगितलंय.

पंधरा दिवस गेले. मग आमच्या तळमजल्यावरच्या काकूंनी स्वतःच्या नावाने अर्ज केला, जोडपत्र अ (अर्जाचा ठरलेला नमुना), दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, अर्जदार भारतीय नागरिक आहे का या ओळीपुढे "होय" आणि खाली पूर्ण नाव, वडिलांचं, आडनाव, सगळं. त्या आयुष्यभर म्हणत आल्या होत्या की आमच्यासारख्यांचं कोण ऐकतंय. माहिती आली, तेवीस पानं. शिक्क्याने जे झालं नाही ते एका नावाने झालं, आणि तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की इथे गर्दी उपयोगाची नाही, एक माणूस लागतो.

"सार्वजनिक" म्हणजे सगळ्यांचं. पण सगळ्यांचं म्हणजे कुणाचं?

या शब्दाचा महाराष्ट्रातला इतिहास अभिमानाचा पण आहे आणि शरमेचा पण. १८७० ला पुण्यात सार्वजनिक सभा निघाली, गणेश वासुदेव जोशींना लोक सार्वजनिक काकाच म्हणायला लागले, इंग्रज सरकारपुढे लोकांच्या वतीने बोलायची ती एक मोठी शाळा. पण त्याच काळात गावातली विहीर सार्वजनिक म्हणवायची आणि तिथे महार, मांग, चांभार यांनी पाण्याला हात लावायचा नाही. म्हणजे सार्वजनिकमधला "सर्व" किती मोठा हे आधीच ठरवून टाकलेलं.

१९२३ ला मुंबई कायदेमंडळात समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा सगळ्यांना खुल्या, पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने पण चवदार तळं खुलं केलं, कागदावर. प्रत्यक्षात कुणी पाणी पिऊ दिलं नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांबरोबर तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. मग कोर्टात दहा वर्षं, १९३७ ला हायकोर्टाचा निकाल बाजूने लागला. सार्वजनिक या एका शब्दाचा अर्थ कायद्याने खरा करायला एवढं लागलं.

बाबासाहेबांच्या वृत्तपत्रांची नावं ओळीने वाचून बघा. १९२० मूकनायक, १९२७ बहिष्कृत भारत, १९२८ समता, १९३० जनता, १९५६ प्रबुद्ध भारत. जे मुके होते, बाहेर ठेवलेले होते, ते जनता झाले. जनता हा शब्द मी मघाशी ढिगाचा म्हटलं, पण ज्यांना त्या ढिगात पण घेतलं जात नव्हतं त्यांच्यासाठी तो केवढा मोठा शब्द असेल हे या क्रमात दिसतं.

"जनतेचा कौल" यातला कौल म्हणजे काय?

हा माझा सगळ्यात आवडता शब्द आहे. कोकणात, गोव्यात देवळात कौल लावतात ना, देवाच्या अंगाला फुलं नाहीतर कळ्या लावायच्या, गुरव गाऱ्हाणं घालतो, सगळे श्वास धरून बसतात, उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. निवडणुकीच्या दिवशी देवाच्या जागी आपण जनता बसवतो.

पण त्याच्या आधीचा अर्थ वेगळा. कौल अरबीतला, म्हणजे शब्द, वचन. मराठेशाहीत पडीक जमीन लागवडीला आणायची असली की सरकार रयतेला कौल द्यायचं, कौलनामा, पहिली काही वर्षं सारा कमी आणि मग हळूहळू वाढता, या आणि वसा, त्रास होणार नाही. तेव्हा कौल वरून खाली यायचा, सरकारचं वचन रयतेला. आता खालून वर जातो. गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला, महाराष्ट्रात जायचं की केंद्रशासित राहायचं, आणि सुमारे ३४ हजार मतांच्या फरकाने विलीनीकरण नको असं ठरलं. इकडे खूप जणांना तेव्हा वाईट वाटलं. पण लोकांना विचारलं आणि लोकांनी सांगितलं ते मानलं गेलं, कौल शब्दाला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

जनता दरबार, मायबाप सरकार, लाभार्थी, हे शब्द खटकतात, बरोबर ना?

मला तरी खटकतात. दरबार राजाचा असतो, आणि जनतेचं नाव लावलं तरी खुर्चीत कोण बसलंय आणि हात जोडून उभं कोण आहे ते बदलत नाही. मायबाप सरकार मधे तीच प्रजेची कल्पना, लेकरं आणि बाप. उलट नाटकवाले "रसिक मायबाप" म्हणतात, तिथे समोर बसलेली माणसं मायबाप, ते मला रास्त वाटतं, कारण तिकीट त्यांनी काढलेलं असतं.

लाभार्थी हा अलीकडे फार पसरलाय. योजनेच्या यादीपुरता ठीक आहे, यादीला काहीतरी नाव लागतंच. पण माणसाची ओळखच लाभार्थी झाली की रेशन हक्क राहत नाही, कुणीतरी दिलेलं होतं. ज्येष्ठ नागरिक हा शब्द बघा किती छान रुळलाय, खेड्यातल्या आजोबांच्या तोंडी पण असतो, एसटीत बसताना कार्ड पुढे करून ताठ मानेने म्हणतात, मी ज्येष्ठ नागरिक आहे. सवलत तीच, पण मान वेगळा.

ग्रामसभेत कोण बसू शकतं? गावकरी म्हणजे कोण?

गावच्या मतदार यादीत नाव आहे ते सगळे ग्रामसभेचे सभासद, निवडून यावं लागत नाही. म्हणजे गावात ग्रामसभा ही नुसती मीटिंग नाही, ती गावातले नागरिक एकत्र बसले की होणारी संस्था आहे. गडचिरोलीतलं मेंढा लेखा बघा, छोटंसं गोंड गाव, त्यांची घोषणा आहे, दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत चर्चा करतात, आणि २००९ ला त्यांना जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांदा मिळालेल्या गावांत ते आहे. सामूहिक हक्क, म्हणजे एकेकट्याचा नाही, सगळ्या गावाचा. माहिती अधिकारात एकटा लागतो म्हटलं होतं, इथे उलट आहे, एकट्याला हा हक्क मागताच येत नाही.

अमेरिकेतला भाऊ म्हणतो मी ओसीआय आहे म्हणजे भारतीय नागरिकच. खरं का?

नाही. नाव "भारताचे परदेशस्थ नागरिक" असलं तरी ते नागरिकत्व नाही, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की भारताचं जातं. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. भारतीय पासपोर्ट ठेवून तिकडे राहणारे मात्र नागरिक आहेत, मतदार यादीत नाव घालू शकतात, पण मत द्यायला इथे यावं लागतं. मराठी माणूस दोघंही आहेतच, त्याला पासपोर्ट लागत नाही.

तसंच बेळगाव, निपाणीकडे. ते भारताचे नागरिक, कर्नाटकचे रहिवासी, आणि स्वतःला म्हणतात मराठी भाषिक. तीन शब्द, तिन्ही खरे, आणि त्यांना फॉर्म कानडीत मिळाला की तिसरा शब्द दुखतो.

शेवटचं, गल्लीच्या अर्जात नक्की काय लिहू?

"आम्ही खाली सह्या करणार, अमुक प्रभागातील नागरिक, आपल्या निदर्शनास आणून देतो की". बस. कृपाळू होऊन, मेहेरबान साहेब, गरिबांवर दया करून, हे सगळं काढून टाका, नम्रपणे लिहायला "विनंती" एवढा शब्द पुरतो. "समस्त जनता" असं लिहू नका, कोण समस्त ते कुणाला कळत नाही. खाली तक्ता आखा, अनुक्रमांक, पूर्ण नाव, पत्ता, सही, आणि नावं ज्याची त्याने स्वतः लिहायची, एकाच अक्षरात सगळी नावं दिसली की अर्ज कच्चा वाटतो. अंगठा असेल तर शेजारी कुणाचा ते लिहा. घरातल्या बायकांची सही वेगळी घ्या, "कुटुंबाच्या वतीने" म्हणून एकच पुरुषाची घेतात ते बंद करा. दोन प्रती काढा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, शिक्का, तारीख, आणि आवक नंबर.